विषयाची मर्यादा : जगदीशचंद्र बसूंचे एक व्याख्यान

‘विद्युत्’ या विषयावर व्याख्यान द्यावयाचे ठरविणाऱ्या विद्यार्थ्यापुढील पहिली अडचण माहितीच्या अभावाची नसून विपुलतेची असते. आकाशातील विजेपासून घरातील दिव्यापर्यंत सारे काही या एका शब्दात सामावते, आणि सारेच सांगू पाहणारा वक्ता बहुधा व्याख्यांच्या पुढे जात नाही. विस्तीर्ण विषयातून नेमका प्रश्न कसा निवडावा, याचे उत्तम उदाहरण कलकत्त्यात घडलेले आहे.

१८९४ च्या अखेरीस प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बसू यांनी विद्युत्तरंगांवरील संशोधनास प्रारंभ केला. असे तरंग असले पाहिजेत हे मॅक्सवेलने १८६५ मध्ये गणिताने दाखविले होते आणि हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये ते प्रत्यक्ष निर्माण केले होते. संदेशवहन, तरंगांची उत्पत्ती, ते ओळखण्याची साधने, प्रकाशाशी त्यांचे नाते, अशा कितीतरी वाटा तेथून फुटत होत्या. बसूंनी शेवटची वाट धरली. पण ‘प्रकाश व विद्युत्तरंग यांतील साम्य’ हाही विषय मोठाच होता. त्यातून त्यांनी प्रथम एकच प्रश्न घेतला : काही स्फटिक प्रकाशकिरणाची कंपने दिशेनुसार वेगळी करतात, तसे ते विद्युत्-किरणाचेही करतात काय? कंपने अशा रीतीने एकाच दिशेपुरती उरणे यास ध्रुवीभवन म्हणतात. मे १८९५ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी मांडलेला निबंध एवढ्याच प्रश्नाविषयी होता.

असा प्रश्न निवडताना साधनांचाही विचार करावा लागतो. हर्ट्‌झच्या या प्रकारच्या प्रयोगांतील तरंगांची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर होती. लोलक हा तरंगाच्या मानाने पुरेसा मोठा असावा लागतो. म्हणून हर्ट्‌झला डांबराचा सुमारे दीड मीटर उंचीचा व सहाशे किलोग्रॅमहून जड असा लोलक वापरावा लागला. बसूंनी तरंगाची लांबीच कमी केली, ती सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली. हे प्रमाण शंभराहून अधिक पटींचे आहे! तरंग आखूड झाल्यामुळे सर्व उपकरणे एका मेजावर मावू लागली, मुठीएवढ्या स्फटिकावर प्रयोग करता येऊ लागला आणि ती सामग्री बोटीने इंग्लंडला नेणेही शक्य झाले.

२९ जानेवारी १८९७ रोजी, शुक्रवारी सायंकाळी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बसूंचे व्याख्यान झाले. तेथील प्रघाताप्रमाणे अशा व्याख्यानास सुमारे एक तास मिळतो. कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी अदृश्य तरंगांनी दूर अंतरावर घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून लोकांना थक्क केले होते, आणि मार्कोनीने जून १८९६ मध्येच बिनतारी संदेशाच्या पेटंटसाठी अर्ज केलेला होता. तेव्हा श्रोत्यांच्या कुतूहलास अधिक जवळचा विषय बसूंजवळ होताच. तरीही त्यांनी विद्युत्-किरणांचे ध्रुवीभवन हाच विषय ठेवला. या निवडीस किंमत पडली नाही असे म्हणता येणार नाही, कारण बिनतारी तारायंत्राशी पुढे लोकांनी मार्कोनीचेच नाव जोडले. पण एका तासात दाखवून पटवून देण्याजोगी गोष्ट ध्रुवीभवनाचीच होती.

तिचा पुरावा तर कोणत्याही वाचनालयात सापडेल अशा वस्तूनेही देता येतो. मिटलेले जाडसर पुस्तक या किरणांच्या मार्गात धरले असता पानांना समांतर असणारी कंपने त्यात शोषली जातात व पानांना काटकोनात असणारी पार जातात, असे बसूंना आढळले. आगगाड्यांच्या वेळापत्रकाचे पुस्तकही त्यांनी याकरिता वापरले.

मर्यादित प्रश्नाने विषय संपतो असे मात्र नाही. कंपनांची दिशा निवडता येते हे कळल्यावर ती फिरवता येईल काय, हा प्रश्न आपोआप पुढे आला. त्यासाठी बसूंनी बंगालमध्ये मुबलक असलेला ताग घेतला. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या किरणांच्या वाटेत ठेवल्या असता कंपनांची पातळी वळते, आणि उजव्या व डाव्या पिळाने ती परस्परविरुद्ध दिशांना वळते, असे त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केले. साखरेचे द्रावण प्रकाशाच्या बाबतीत असेच का वागते, याचे ते एक स्थूल प्रतिरूपच होते.