मोटारीचे सनरूफ गळते? रबर बदलण्याआधी मोरी तपासा

मृगाचा पाऊस सुरू झाला की गॅरेजच्या धंद्यात वायपर, ब्रेक आणि बॅटरीची कामे वाढतात, हा नेहमीचा अनुभव आहे. अलीकडे त्यात आणखी एका तक्रारीची भर पडली आहे, ती म्हणजे छतातून पाणी गळण्याची. उघडणारे काचेचे छत, म्हणजेच सनरूफ, एके काळी फक्त महागड्या परदेशी मोटारींत दिसत असे. गेल्या दहा-बारा वर्षांत ते मध्यम किमतीच्या गाड्यांतही आले. आपल्यातील अनेक व्यापाऱ्यांनी अशा गाड्या जुन्या बाजारातून घेतल्या आहेत. साहजिकच, पहिल्या मालकाने केलेल्या हयगयीचे फळ दुसऱ्या मालकाच्या पदरी पडते.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्यांनी घेतलेल्या जुन्या गाडीत पहिल्याच मोठ्या पावसात आतल्या दिव्याजवळून पाणी टपकू लागले. मागच्या सीटवर ठेवलेले कापडाचे दोन गठ्ठे भिजले. एका कारखान्यात गाडी दाखवली असता "रबर गेले आहे, संपूर्ण सनरूफ बदलावे लागेल" असे सांगण्यात आले आणि चाळीस हजारांच्या घरातला खर्च काढून देण्यात आला. पैसे भरण्याआधी ते मोहल्ल्यातील एका वयस्क डेंटर मिस्त्रींकडे गेले. त्या वेळी आम्हीही तेथे हजर होतो.

"चाचा, रबर गेलंय म्हणतात. बदलावंच लागेल का?" त्यांनी विचारले.

"बेटा, आधी बाटलीभर पाणी आण. रबराचं मग बघू," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी छत उघडले आणि काचेखालच्या पट्टीच्या एका कोपऱ्यात हळूहळू पाणी ओतले. पाणी जागच्या जागी उभे राहिले. बोटाने चाचपले तेव्हा गुलमोहराच्या बारीक पानांचा आणि मातीचा घट्ट गोळा हाती आला. गाडी वर्षभर गुलमोहराखाली उभी राहत होती. अर्ध्या तासात काम झाले. मिस्त्रींनी मजुरी म्हणून दोनशे रुपये घेतले. रबर होते तसेच राहिले आणि गळती थांबली.

हा प्रकार पाहिल्यावर आम्हाला वाटले की या कामाची माहिती वाचकांना द्यावी. गाडीमालकाचा खर्च वाचेल आणि कारागिराला कामाची योग्य रीत मिळेल.

सनरूफ पाणी अडवत नाही, वाट करून देते

पुष्कळांचा समज असा असतो की काचेभोवतीचे रबर, ज्याला बाजारात बीडिंग म्हणतात, ते पाणी पूर्णपणे अडवते. हा समज चुकीचा आहे. सरकणाऱ्या छताचे रबर बहुतेक पाणी बाहेर ठेवते, परंतु थोडे पाणी आत येणारच असे धरूनच या छताची रचना केलेली असते. कौलारू घराच्या वळचणीला जशी पन्हळ असते, तशी पन्हळ काचेखाली चारही बाजूंनी फिरवलेली असते. या पन्हळीच्या कोपऱ्यांना भोके असतात आणि त्या भोकांना रबरी किंवा प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. बहुतेक गाड्यांत अशा चार नळ्या असतात. पुढच्या दोन नळ्या पुढील काचेशेजारच्या खांबातून खाली उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा मडगार्डच्या आत बाहेर पडतात. मागच्या दोन नळ्या मागील खांबातून उतरून मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या मागे उघडतात.

अशी छते बनवण्याचा धंदा जुना आहे. त्यातील वेबास्टो ही जर्मन कंपनी १९०१ साली स्थापन झाली. विल्हेल्म बायर हे संस्थापकाचे नाव आणि श्टॉकडॉर्फ हे गावाचे नाव, या दोहोंची अक्षरे जोडून कंपनीचे नाव तयार झाले. बनावट कोणाचीही असो, पन्हळ आणि नळी हे तत्त्व सरकत्या छतात सारखेच असते. थोडक्यात, घरची मोरी तुंबली म्हणून कोणी घराचे दार बदलत नाही. इथेही आधी मोरीच पाहिली पाहिजे.

पाणी कोठे दिसते?

गळतीची जागा पाहून बराच अंदाज बांधता येतो. आतल्या दिव्याजवळ, सन-व्हायझरपाशी किंवा पुढच्या खांबाच्या वरच्या टोकाला अस्तर ओले झाले असेल, तर पुढची नळी तुंबून पन्हळ भरून वाहत असण्याचा संभव जास्त. छताचे अस्तर कोरडे, पण पुढच्या सीटच्या पायाखालचा गालिचा ओला असेल, तर नळी खांबात किंवा डॅशबोर्डच्या मागे निसटली किंवा फाटली असावी. मागच्या सीटवर किंवा डिकीत ओल असेल तर मागच्या नळ्या पाहाव्यात. गाडी उतारावर उभी असेल तर पाणी उताराच्या बाजूलाच जमते, म्हणून गाडी कशी उभी होती तेही लक्षात घ्यावे.

मात्र गाडीतील प्रत्येक ओल सनरूफचीच असते असे नाही. पाऊस नसतानाही पायाखालचा गालिचा ओला होत असेल तर एअर कंडिशनरचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असू शकते. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचे असेल तर ते हीटरमधून गळणारे कूलंट होय. छतावरील अँटेनाची जागा, पुढच्या काचेची कड आणि दाराच्या आतील प्लॅस्टिकचा पडदा, या जागांतूनही पाणी येते. म्हणून अंदाजावर पाना चालवू नये, चाचणी करावी.

बाटलीची चाचणी

या चाचणीला एक लिटरची बाटली, बॅटरी, जुने वर्तमानपत्र आणि मदतीला एक माणूस, एवढे पुरे. गाडी सपाट जागी उभी करावी. आतला भाग पुसून कोरडा करावा आणि पायाखाली वर्तमानपत्र पसरावे, म्हणजे पाण्याचा पहिला थेंब कोठे पडतो ते कळते. छत पूर्ण उघडून पन्हळीतील पाने व माती ओल्या फडक्याने टिपून काढावी. कचरा भोकात ढकलू नये.

यानंतर पुढच्या एका कोपऱ्यात सुमारे पाव लिटर पाणी हळूहळू ओतावे. मदतनिसाने त्याच बाजूला गाडीखाली पाहावे. नळी साफ असेल तर काही सेकंदांत खाली धार दिसते. पाणी पन्हळीतच उभे राहिले किंवा अगदी सावकाश उतरले तर नळी तुंबली आहे असे समजावे. पाणी पन्हळीतून भराभर नाहीसे झाले, पण खाली आले नाही आणि आतले वर्तमानपत्र भिजले, तर नळी निसटली किंवा फाटली आहे. हीच रीत उरलेल्या कोपऱ्यांना लावावी. मागची भोके काचेच्या आड असल्यास नाक वर येईल अशा रीतीने गाडी चढावर उभी करून पन्हळीतच पाणी सोडले तरी चालते.

सर्व नळ्या ठीक निघाल्या तरच रबराकडे वळावे. छत बंद करताना काच आणि रबर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरावी आणि नंतर ती हलकेच ओढून पाहावी. सगळीकडे सारखाच अडथळा लागला पाहिजे. एखाद्या जागी पट्टी सहज निघाली तर तेथे रबर बसले आहे किंवा काच नीट पातळीवर नाही. काच छताच्या पत्र्याशी जवळजवळ समपातळीत असावी लागते. ती पातळी बाजूच्या स्क्रूंनी बदलता येते, परंतु नेमके माप त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावे.

नळी साफ करताना

तुंबलेली नळी साफ करायला गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉनची दोरी उत्तम. तिचे टोक जाळून गोल करावे, म्हणजे नळीला ओरखडा येत नाही. ती वरून हलक्या हाताने, फिरवत फिरवत आत सोडावी. अडल्यास जोर न करता मागे घेऊन पुन्हा सोडावी. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला रबरी तोंड असते. त्यातून पाणी बाहेर जाते, पण धूळ आत येत नाही. चिखलाने हे तोंडच चिकटून बसते. ते बोटांनी दाबून मोकळे करावे. शेवटी साबणाचे कोमट पाणी ओतावे आणि मागून साधे पाणी सोडून पुन्हा चाचणी घ्यावी.

रबर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. पेट्रोल, थिनर किंवा साधे ग्रीस रबराला लावू नये. त्याने रबर फुगते आणि लवकर खराब होते.

हे करू नका

जी.आय. तार किंवा क्लचची जुनी केबल नळीत घालू नका. तिने नळीला भोक पडते, आणि आज तुंबलेली नळी उद्या कायमची गळकी होते. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू नका. जोराच्या हवेने नळी पन्हळीच्या तोंडापासून निसटते आणि ते बाहेरून दिसतही नाही. हवा मारायचीच तर सायकलचा हातपंप पुरे. धुताना प्रेशर पंपाची धार जवळून रबरावर मारू नका.

सर्वांत मोठी चूक म्हणजे काचेभोवती सिलिकॉन सीलंटचा लेप फासणे. त्याने दोन दिवस समाधान वाटते. परंतु छत उघडत नाही, जबरदस्तीने उघडल्यास मोटरवर ताण येतो आणि तुंबलेली नळी तुंबलेलीच राहते.

कोठे थांबावे?

नळी निसटली असेल तर खांबावरचे आवरण किंवा छताचे अस्तर उतरवावे लागते. येथे सावध राहावे. अनेक गाड्यांत छताच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग बसवलेल्या असतात. खांबाच्या आवरणावर एअरबॅगची खूण दिसली तर ते काम या कामाची माहिती असलेल्या कारागिराकडेच द्यावे. पन्हळीला तडा गेला असेल, तर तेही घरी होण्यासारखे काम नाही. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही उघडण्याऐवजी आधी कंपनीच्या वर्कशॉपला दाखवावी, म्हणजे पुढे वाद होत नाही.

गळती थांबली म्हणजे काम संपले असेही नाही. गालिच्याखालच्या फोममध्ये पाणी अनेक दिवस साचून राहते. वरून हात लावला तर गालिचा कोरडा वाटतो, पण खाली पत्रा गंजत असतो. कित्येक गाड्यांत सीटखाली आणि गालिच्याखाली वायरिंगचे जोड व नियंत्रणाचे डबे असतात. तेथे ओल गेली की दिवे मध्येच लागणे, सेंट्रल लॉक न चालणे असे विकार सुरू होतात आणि गाडीमालक वायरमनच्या दारी फेऱ्या मारत राहतो. म्हणून गालिचा उचलून, खाली वर्तमानपत्रे घालून, पंखा लावून पूर्ण वाळवावा. ऊन पडले तर चारही दारे उघडी ठेवावीत.

कारागीर बंधूंसाठी

डेंटर, वायरमन आणि सीट कव्हरच्या कारागिरांना या कामात चांगली संधी आहे. भांडवल नगण्य लागते. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, "चारही नळ्यांची सफाई व पाण्याची चाचणी" असे ठराविक मजुरीचे काम सुरू केले तर गिऱ्हाईक आनंदाने येईल, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा येईल. चाचणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करावी. ओतलेले पाणी खाली पडताना त्याने स्वतः पाहिले की वेगळी खात्री द्यावी लागत नाही.

एक इशारा मात्र देणे आवश्यक आहे. काही गिऱ्हाईक साध्या गाडीचे छत कापून बाजारातील सनरूफ बसवून मागतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत. छताची मजबुती जाते ते वेगळेच. असे काम नाकारलेले बरे.

गिऱ्हाइकाने सोडलेली गाडी ही आपल्याकडे अमानत असते. दोनशे रुपयांच्या सफाईने भागणारे काम चाळीस हजारांचे करून सांगितले तर ते पैसे एकदाच मिळतात. पुढच्या पावसाळ्यात ते गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात उभे असते. आमच्या त्या कापड व्यापाऱ्याने त्यानंतर आपली दोन्ही वाहने त्याच मिस्त्रींकडे लावली आणि बाजारातील आणखी चौघांना तेथे पाठवले. एक बाटली पाणी आणि दोन शब्द खरे, एवढ्यावर त्या मिस्त्रींचा धंदा वाढला.