नऊ घरचे सामने, वर्षभराचे पगार

इंग्लंडमधल्या वॉस्प्स या रग्बी क्लबची स्थापना 1867 सालची. युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक त्याने 2004 आणि 2007 मध्ये जिंकला होता. ऑक्टोबर 2022 मध्ये हा क्लब कर्जापायी प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि खेळाडू, प्रशिक्षक, कर्मचारी मिळून 167 जणांची नोकरी तडकाफडकी गेली. काही आठवडे आधीच वूस्टर वॉरियर्स कोसळला होता, पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिशही गेला. तेरा संघांची प्रीमियरशिप, म्हणजे इंग्लंडमधली सर्वोच्च लीग, वर्षभरात दहांवर आली. करोनाने या क्लबांचं कंबरडं मोडलं हे खरं, पण दुखणं त्याआधीचं आहे. 26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिसमध्ये रग्बी युनियनने, म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बीने, हौशीपणाची अट काढून टाकली आणि खेळाडूंना उघडपणे पगार मिळू लागले. ते योग्यच झालं. मात्र पगार कोणत्या उत्पन्नातून द्यायचे, हे त्या दिवशी ठरलं नाही आणि बहुतेक देशांत आजही ठरलेलं नाही. जागतिक रग्बीला नवे गुंतवणूकदार आणि नव्या स्पर्धा मिळतच आहेत. तिला खरी गरज आहे ती कमाईपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या क्लबला वेळीच रोखू शकेल अशा अधिकाराची.

या खेळाचं गणितच अवघड आहे. अंगावर अंग आदळणाऱ्या या खेळात आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना शरीराला झेपत नाही. एका सामन्याला राखीव धरून तेवीस खेळाडू लागतात. दुखापती लक्षात घेता क्लबला त्याहून कितीतरी जास्त खेळाडूंशी करार करावे लागतात. दहा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला अठरा सामने येतात, त्यातले घरच्या मैदानावर फक्त नऊ. चषक स्पर्धांचे थोडे सामने धरले तरी तिकीटविक्रीचे दिवस बोटांवर मोजता येतात आणि पगार मात्र बारा महिने द्यायचे असतात. मोठी गर्दी जमते ती राष्ट्रीय संघासाठी. लंडनच्या ट्विकनहॅम मैदानात 82,000 प्रेक्षक बसतात, पण ते उत्पन्न राष्ट्रीय संघटनेचं. संघटना त्यातला वाटा क्लबांना देते, पण सिक्स नेशन्स स्पर्धेच्या दिवसांत क्लबचे उत्तम खेळाडू देशाकडून खेळायला जातात आणि तेव्हाही क्लबला उरलेल्या संघानिशी मैदान भरायचं असतं.

ही तूट भरून काढण्यासाठी वॉस्प्सने जो मार्ग धरला तो जवळून पाहण्यासारखा आहे. 2014 च्या अखेरीस क्लबने आपला मुक्काम कॉव्हेंट्रीला हलवला आणि तिथलं मोठं स्टेडियम विकत घेतलं. हॉटेल, परिषदा, संगीताचे कार्यक्रम यांच्या उत्पन्नावर रग्बी पोसायची, असा हिशेब होता. 2015 मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे साडेसहा टक्के व्याजाने विक्रीला काढले; ते घेणाऱ्यांत सामान्य गुंतवणूकदार आणि क्लबचे चाहतेही होते. ही रक्कम मे 2022 मध्ये परत करायची होती, ती करता आली नाही. मधल्या काळात, 2018 मध्ये, सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने प्रीमियरशिपचा 27 टक्के हिस्सा वीस कोटी पौंडांहून जास्त रकमेला घेतला आणि सर्व क्लबांच्या हाती एकरकमी पैसा आला. एवढा पैसा येऊनही चार वर्षांत क्लब बुडू लागले, हीच माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. भविष्यातल्या उत्पन्नाचा कायमचा हिस्सा विकून चालू पगार भागवणं म्हणजे पेरणीचं बियाणं दळून खाणं.

याउलट फ्रान्समध्ये व्यावसायिक क्लबांचे हिशेब तपासणारी ‘ए2आर’ (आधीची ‘डीएनएसीजी’) ही यंत्रणा आहे. क्लबला अंदाजपत्रक तिच्यापुढे ठेवावं लागतं. खर्चाची तजवीज दिसली नाही तर ती पगाराच्या एकूण रकमेवर बंधन घालते, मालकाकडून हमी मागते आणि वेळ पडल्यास संघाला खालच्या श्रेणीत ढकलते. 2010 मध्ये मोंतोबाँ या छोट्या शहराच्या क्लबला पैशांच्या अडचणीपायी वरच्या ‘टॉप 14’ मधून थेट हौशी श्रेणीत जावं लागलं. गावाला ते झोंबलं असणारच. पण क्लब जिवंत राहिला, 2014 मध्ये दुसऱ्या श्रेणीत परतला आणि 2025 मध्ये ती जिंकून पुन्हा टॉप 14 मध्ये आला. तिथे बड्या संघांपुढे त्याची दमछाक झाली, तरी खेळायला तो होता. फ्रान्सकडे भरघोस प्रक्षेपण करार आहेत आणि शहराशहरांत प्रेक्षक आहेत, हे मान्य. तरीही तिथले काही क्लब मालकाच्या खिशावरच चालतात. श्रीमंत लीगलासुद्धा पहारेकरी लागतो, एवढं त्यावरून दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा की धनवान मालक स्वखुशीने तोटा सोसत असेल तर इतरांचं काय जातं? जातं. एका मालकाने पगार चढवले की सगळ्यांना चढवावे लागतात, आणि तो कंटाळून निघून गेला की देणी रोखेधारकांच्या, कर खात्याच्या आणि तरुण खेळाडूंच्या अंगावर पडतात. दुसरा आक्षेप खेळाडूंच्या बाजूचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो: कारकीर्द छोटी, डोक्याला मार बसण्याचा धोका मोठा, मग पगार का आवळायचे? इंग्लंडच्या 2003 च्या विश्वविजेत्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन याला तो अंतिम सामना आठवत नाही, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. अशा खेळाडूंना चांगले पैसे मिळालेच पाहिजेत. पण बुडालेल्या क्लबचा करार कितीही मोठा असला तरी पुढच्या महिन्याचा पगार देत नाही. आणि पगार आवळले तर सगळेच फ्रान्सला जातील ही भीतीही अतिरेकी आहे, कारण देशात घडलेल्या खेळाडूंना जागा राखण्याचा नियम तिथे आहे. राहिला नव्या बाजारपेठांचा मुद्दा. 2031 चा विश्वचषक अमेरिकेत आहे, पण तिथल्या मेजर लीग रग्बीतले संघ एकामागून एक बंद पडत आहेत. मुंबईत अंधेरीला जून 2025 मध्ये रग्बी प्रीमियर लीग झाली. सात-सात खेळाडूंची, सहा संघांची, दोन आठवड्यांत आटोपणारी. भारतात खेळ रुजवायला ती उत्तम आहे, परंतु पंधरा खेळाडूंच्या वर्षभराच्या खेळाचा खर्च ती भागवू शकत नाही.

क्लबांवर पहारा बसवला तरी देशादेशांमधली विषमता उरतेच. रग्बीच्या प्रथेनुसार दौऱ्यावरच्या सामन्यांची तिकीटविक्री यजमान संघटना ठेवते. नोव्हेंबर 2017 मध्ये सामोआचा संघ ट्विकनहॅमवर खेळला तेव्हा इंग्लंडच्या प्रत्येक खेळाडूला सुमारे 22,000 पौंड आणि सामोआच्या खेळाडूला सुमारे 650 पौंड मानधन असल्याचं प्रसिद्ध झालं होतं. त्याच महिन्यात सामोआच्या पंतप्रधानांनी आपली रग्बी संघटना दिवाळखोर असल्याचं सांगितलं. इंग्लंडच्या संघटनेने 75,000 पौंड सदिच्छा म्हणून दिले. भरलेल्या मैदानाच्या कमाईत पाहुण्या संघाचा वाटा हक्काने ठरलेला हवा, तो सदिच्छेवर सोडता कामा नये. श्रीमंत संघटना आता स्वतःच तोट्यात असल्याचं सांगतील. इंग्लंडच्या संघटनेने 2023-24 मध्ये 3.79 कोटी पौंडांचा तोटा दाखवलाही. पण विश्वचषकाच्या वर्षात घरचे सामने कमी आणि खर्च जास्त असतो, म्हणून तिचे हिशेब चार वर्षांचे धरावे लागतात, हे ती संघटनाच सांगते. ट्विकनहॅमच्या कमाईत वाटा मागणाऱ्यांत न्यूझीलंडही होता, आणि त्याची मागणी रास्त होती. ती मान्य करायची तर फिजी, टोंगा आणि सामोआ यांनाही त्याच दराने लागू केली पाहिजे, कारण त्या बेटांवर घडलेले खेळाडू आज न्यूझीलंड, इंग्लंड आणि फ्रान्स या तिन्ही देशांची मैदानं भरून देत आहेत.