हार्ड डिस्क 'टाइमआऊट' म्हणते तेव्हा



आपल्यापैकी बऱ्याच घरांत कुठेतरी तळघरात एक जुना लिनक्स कॉम्प्युटर मुकाट्याने चालू असतो. मुलांची बारशी, मुंजीचे व्हिडिओ, भारतातून स्कॅन करून आणलेले आजी-आजोबांचे फोटो, सगळा ऐवज त्याच्याच पोटात! मग एक दिवस फोटो उघडताना तो अर्धा मिनिट गोठतो आणि कर्नेलच्या नोंदींत 'टाइमआऊट' आणि 'हार्ड रिसेटिंग लिंक' असे शब्द दिसू लागतात.

अर्थ एवढाच, की कर्नेलने डिस्ककडे काही मागितले आणि मुदतीत उत्तर आले नाही. ही मुदत सहसा ३० सेकंदांची असते. ती संपली की कर्नेल जोडणी रिसेट करून पुन्हा विचारतो. डिस्क गेलीच असे नव्हे.

तरी आधी फोटोंची कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा, दुरुस्ती नंतर. फाइलसिस्टिम दुरुस्त करणारा प्रोग्रॅम तर कॉपीआधी मुळीच चालवू नका, कारण तो त्याच आजारी डिस्कवर लिहीत सुटतो. साधी कॉपी अडकत असेल तर 'जीएनयू डीडीरेस्क्यू' वापरा. तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अवघड जागा शेवटी ठेवतो.

आता निदान. 'स्मार्टमॉनटूल्स' या मोफत संचाने डिस्कची स्वतःची नोंदवही वाचता येते. त्यात क्रमांक १९९ वाढत असेल तर संशय साटा केबलवर. हा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, तो वाढायचा थांबला की नाही ते पाहायचे. क्रमांक ५ किंवा १९७ वाढत असेल तर मात्र केबल निर्दोष. डिस्कचा पृष्ठभागच खराब होतो आहे, नवी डिस्क मागवा. दोन्हीकडे सामसूम असेल तर वीजपुरवठा आणि त्याचे जोड तपासा.

खरी गंमत रेडमध्ये आहे. साधी डेस्कटॉप डिस्क एखादा खराब सेक्टर वाचण्यासाठी ३० सेकंदांहून बराच जास्त वेळ झगडत बसते. तोवर कर्नेलचा धीर सुटतो आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क रेडबाहेर फेकली जाऊ शकते. नंतर पुनर्बांधणी चालू असताना दुसरीचेही तसेच झाले, की संपले! म्हणून रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात आणि माहिती दुसऱ्या डिस्कवरून घेतली जाते. 'एससीटी ईआरसी' ही सोय असलेल्या डिस्कला ही मर्यादा स्मार्टमॉनटूल्समधून घालता येते. तिथे ७० लिहायचे, कारण एकक सेकंदाचा दहावा भाग आहे. पुष्कळ डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, तेव्हा ही आज्ञा कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालेल असे करा. सोय नसेल तर उलट कर्नेललाच १८० सेकंद थांबायला सांगा.

एकटीच डिस्क असेल तर ७ सेकंदांची मर्यादा घालू नका. तिथे दुसरी प्रत नाही, झगडू द्या बिचारीला.

आणि रेडसाठी नवी डिस्क घेताना ती 'सीएमआर' आहे ना, हे पाहून घ्या. 'एसएमआर' प्रकारची डिस्क स्वस्त पडते, पण पुनर्बांधणीच्या सलग लिखाणात इतकी मंदावते की तोच टाइमआऊट पुन्हा दारात उभा राहू शकतो.