दौऱ्यावरून परतल्यावर धाप का लागते?

कार्यालयीन दौऱ्यामुळे दोन आठवडे सराव बुडाला की मॅरेथॉनपटूला नेहमीच्याच वेगाने धावताना धाप लागते, कारण सरावाने वाढलेला रक्तद्रव, म्हणजे रक्तातील पातळ भाग, काही दिवसांतच घटू लागतो आणि लहान घागरीने हौद भरणाऱ्याला जास्त खेपा घालाव्या लागतात, तसे प्रत्येक ठोक्यागणिक कमी रक्त ढकलणाऱ्या हृदयाला अधिक वेळा धडधडावे लागते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे, म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे, वर्षानुवर्षे विणलेले जाळे मात्र पुष्कळ अधिक काळ टिकते, ही नोकरदार धावपटूंसाठी मोठ्या दिलाशाची गोष्ट आहे. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८१ मधील प्रयोगात आठवड्यातील ६ दिवसांचा सराव २ दिवसांवर आणूनही, तीव्रता कायम राखल्यामुळे, प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १५ आठवडे टिकली. तेव्हा दौऱ्यावर जाणाऱ्याने आठवड्यातून दोनदा तरी नेहमीच्या जोमाने धावावे.