मण्यांना बांधलेली कात्री

रक्तातल्या अनेक प्रथिनांच्या अंगावर शर्करांच्या साखळ्या असतात आणि साखळीच्या टोकाला बहुधा सियालिक आम्ल. गुन्नार ब्लिक्स या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये ते गाईगुरांच्या लाळग्रंथीतल्या चिकट द्रव्यातून वेगळं केलं. ‘सियालॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये लाळ.

हे टोक कापलं तर काय होतं? अ‍ॅशवेल आणि मोरेल या संशोधकांनी सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाची टोकं कापून ते सशांना टोचलं, तर यकृतानं काही मिनिटांतच ते रक्तातून उचललं. टोक म्हणजे जणू प्रथिनाचा रक्तात राहण्याचा परवाना!

कापणारी कात्री म्हणजे सियालिडेझ हे विकर. ते द्रावणात मोकळं सोडलं, तर नंतर प्रथिनापासून वेगळं करणं जिकिरीचं. म्हणून ते अ‍ॅगरोजच्या बारीक मण्यांना पक्कं बांधतात. हे अ‍ॅगरोज समुद्री शेवाळातून मिळतं. नमुना मण्यांसोबत नळीत हळूहळू हलवत ठेवायचा, मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. मणी तळाशी बसतात, टोक छाटलेलं प्रथिन वर राहतं. सुटलेल्या आम्लाचे रेणू अगदी लहान. वरचा द्रव बारीक छिद्रांच्या पडद्याआड ठेवला, की ते त्यातून निघून जातात. कात्री मात्र मण्यांवरच राहते, धुऊन पुन्हा वापरायला.