निशात घरी सांगते तेव्हा

इंग्रजी कादंबरी मी प्रथमच सबंध वाचली. शब्दकोश शेजारी ठेवून, पंधरा दिवसांत. ‘द हेना वॉर्स’ (२०२०) ही ती कादंबरी. लेखिका आदिबा जायगीरदार यांचा जन्म ढाक्याचा. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्या आयर्लंडमधील डब्लिन शहरात राहतात. त्यांची नायिका निशात हीही डब्लिनमधल्या बंगाली मुसलमान घरातली, मुलींच्या कॅथलिक शाळेत शिकणारी. तिचे मन मुलींवर जडते आणि हे ती सुरुवातीलाच आईवडिलांना सांगून टाकते. मला वाटले होते, असले गुपित शेवटच्या प्रकरणापर्यंत दडवून ठेवतील!

पुढे शाळेत धंद्याची स्पर्धा लागते. निशात मेंदी काढायचे ठरवते, तर तिला आवडणारी फ्लाविया हीही मेंदीच घेऊन उतरते. कुणाची कला कुणी विकावी, यावरून दोघींत खटके उडतात. हा भाग गमतीचा आहे. पण खरी कादंबरी मला घरात दिसली.

आईवडिलांचा स्वतःचा प्रेमविवाह. म्हणून निशातला आशा होती. ते तिला मारझोड करीत नाहीत. मुसलमान मुली अशा नसतात, एवढे ऐकवतात आणि मग बोलणेच आटते. धाकटी बहीण प्रीती तेवढी तिच्या पाठीशी.

आयर्लंडने १९९३ साली समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला. म्हणजे कायदा निशातच्या बाजूचा आहे, घर नाही. बांगलादेशात इंग्रजांच्या काळचे ३७७ कलम अजून आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरवले. पण आईवडिलांची धास्ती कलमाची नाहीच. परमुलखात ओळखीची चार घरे हाच त्यांचा गाव, आणि तिथे तोंड दाखवायचे असते. ही धास्ती मला मुळीच परकी वाटली नाही.

अखेरीस आईवडील निवळू लागतात. ते मला जरा घाईचे वाटले. असो.

रात्री वाचत बसले असता आईने विचारले, “एवढं काय आहे गं त्यात?” “मेंदी काढणाऱ्या मुलीची गोष्ट,” मी म्हटले. “मग मोठ्यानं वाच की, मलाही कळू दे.”

मी मेंदीची पाने तेवढी मराठी करून वाचून दाखवली.