अपघात : दोष कोणाचा, भार कोणावर?

माणसावर अकस्मात कोसळणाऱ्या आपत्तीला आपण अपघात म्हणतो आणि हा शब्द उच्चारताना आपले बोट बहुधा दैवाकडे वळते. वस्तुतः रस्त्यावर, कारखान्यात किंवा रेल्वेमार्गावर घडणाऱ्या अपघातांपैकी फारच थोडे निव्वळ दैवाधीन असतात. केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. हेल्मेट न घातल्यामुळे प्राणास मुकलेल्या दुचाकीस्वारांची संख्या ५०,०२९ इतकी होती. जी घटना वर्षानुवर्षे त्याच कारणांनी घडत राहते, तिला दैवयोग म्हणणे म्हणजे आपली जबाबदारी टाळणे होय.

अपघाताच्या संदर्भात समाजापुढे दोन प्रश्न उभे राहतात. अपघात टाळावा कसा, हा पहिला. आणि तो टळला नाही तर त्यातून होणाऱ्या हानीचा भार कोणी वाहावा, हा दुसरा. पहिला प्रश्न अभियंत्याचा आणि दुसरा वकिलाचा, अशी वाटणी करण्याचा प्रघात आहे. परंतु हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत, हे भरपाईच्या कायद्याचा इतिहास पाहिला असता स्पष्ट होते.

दोषाचा सिद्धांत आणि त्याची मर्यादा

भारताने ज्या इंग्रजी कायद्याचा वारसा घेतला, त्याचे मूळ सूत्र साधे होते : ज्याचा दोष, त्याने भरावे. जखमी माणसाने तीन गोष्टी सिद्ध करावयाच्या. प्रतिपक्षावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्या कर्तव्यात त्याने हयगय केली, आणि त्या हयगयीमुळेच आपल्याला इजा झाली. ऐकताना हे सूत्र न्याय्य वाटते. मात्र सिद्ध करण्याचा सारा भार त्यात सर्वांत दुबळ्या पक्षावर पडतो. रुग्णालयात पडून असलेल्या माणसाने साक्षीदार कोठून आणावेत? यंत्राची देखभाल झाली होती की नाही, हे सांगणारी कागदपत्रे तर मालकाच्याच कपाटात असतात.

मृत्यूच्या बाबतीत स्थिती याहूनही विचित्र होती. जखमी माणूस दावा करू शके. तो मरण पावला तर त्याचा हक्कही त्याच्याबरोबर संपे आणि विधवेच्या हाती काहीच उरत नसे. इंग्लंडमध्ये १८४६ साली आणि भारतात १८५५ च्या प्राणघातक अपघातविषयक कायद्याने हा अन्याय दूर केला. मृताची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांना तेव्हापासून दाव्याचा अधिकार मिळाला.

कामगारांची अवस्था फार काळ तशीच राहिली. १८३७ साली इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या नोकराने मालकावर दावा लावला होता. माल लादलेली गाडी मोडून त्याच्या मांडीचे हाड तुटले होते. पंचमंडळाने त्याला शंभर पौंड देऊ केले, परंतु न्यायालयाने दावा फेटाळला. नोकर आपल्या कामातील धोके जाणतोच आणि असा दावा मान्य केला तर दाव्यांना अंतच उरणार नाही, असा त्यामागील विचार होता. या निर्णयाची छाया पुढे अनेक दशके कामगारांच्या हक्कांवर पडून राहिली.

यंत्रयुगाने बदललेला प्रश्न

यंत्रे वाढली तसा हा सिद्धांत अपुरा पडू लागला. सर्वांनी काळजी घेतली तरी मोठ्या कारखान्यात काही बोटे तुटतात, काही डोळे जातात, असे अनुभवास येऊ लागले. मग विचारी लोकांनी प्रश्नच बदलला. दोष कोणाचा, असे न विचारता त्यांनी विचारले : हा धोका निर्माण करून त्यापासून लाभ कोण मिळवतो? जो लाभ घेतो त्यानेच हानीही सोसावी, हे त्याचे स्वाभाविक उत्तर होते. जर्मनीत १८८४ साली व ब्रिटनमध्ये १८९७ साली या तत्त्वावर कायदे झाले. भारतात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यातील तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

या कायद्याची कसोटी अशी : अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात घडला काय? तसे असेल तर मालकाची चूक दाखविण्याची गरज नाही. कोणत्या इजेने कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटते, याची यादीही कायद्याला जोडलेली आहे. दुसरा डोळा शाबूत असून एक डोळा गेला तर ४० टक्के, हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के. नशा केलेली असताना अपघात झाला, अथवा कामगाराने संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकले, तर मालकाला बचाव मिळतो. तथापि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास हा बचावही चालत नाही. नव्या संहितेने घरून कामावर जाताना वा कामावरून परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, या कक्षेत आणला आहे.

रस्त्यावरील न्याय

मोटारींच्या बाबतीत हेच स्थित्यंतर अधिक संथपणे झाले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आणि ती तरतूद १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली. तरीही चालकाची हयगय सिद्ध केल्यावाचून भरपाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. यावर संसदेने १९८२ साली उपाय केला. दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. रक्कम अल्प होती, परंतु तत्त्व मोठे होते.

या तत्त्वाचे मर्म २००१ मधील एका खटल्यात स्पष्ट दिसते. जीपचे पुढचे टायर फुटून ती उलटली आणि रस्त्याने पायी चाललेला एक माणूस मरण पावला. टायर फुटण्यात चालकाची हयगय नाही, म्हणून न्यायाधिकरणाने दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि धोकादायक वस्तू वापरणाऱ्यावर हयगयीविनाही उत्तरदायित्व येते, हा नियम मोटारीला लावला. टायर फुटले यात चालकाचा दोष नसेलही. पण वाटसरूचा दोष तर निश्चितच नव्हता.

आज, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जखमींपुढे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गाने दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मिळू शकतात. दुसऱ्या मार्गाने न्यायाधिकरणापुढे हयगय सिद्ध करून प्रत्यक्ष हानीनुसार भरपाई मागता येते. पहिल्या मार्गाने तडजोडीची रक्कम स्वीकारली की दुसऱ्या मार्गावरील दावा संपुष्टात येतो, ही गोष्ट सही करण्यापूर्वी प्रत्येकाने लक्षात घ्यावी. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडले नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये शासकीय योजनेतून मिळतात. त्यासाठी अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो.

रेल्वेच्या बाबतीतही असेच तत्त्व आहे. मुंबईच्या उपनगरी गाडीतून गर्दीमुळे खाली पडलेल्या प्रवाशाच्या कुटुंबाला रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्याच कारणाने दावा बाद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

हानीचे मोजमाप

माणसाच्या जीविताचे मोल पैशांत करता येत नाही, हे खरे. पण न्यायालयाला मोजायचे असते ते त्याच्या जाण्याने कुटुंबाला आलेले परावलंबित्व. एक कल्पित उदाहरण घेऊ. बत्तीस वर्षांचा एक सुतार महिना १५,००० रुपये मिळवीत होता. त्याच्यामागे पत्नी, दोन मुले आणि आई आहेत. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवले की २१,००० रुपये होतात. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा केल्यास १५,७५० उरतात. म्हणजे वर्षाला १,८९,०००. या वयासाठी ठरलेला गुणक १६ आहे. गुणाकार ३०,२४,००० रुपये येतो. त्यात अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींच्या ठराविक रकमा मिळवतात. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निर्णयांनी निश्चित केली आहे.

जखमी माणूस वाचला असेल तर अपंगत्वाचा दाखला महत्त्वाचा असतो. तथापि त्यातील टक्केवारी हे अखेरचे उत्तर नव्हे. डावा हात गमावल्याने सुताराची सारी उपजीविका बुडेल, कारकुनाची कदाचित बुडणार नाही. म्हणून इजेचा धंद्यावर झालेला परिणाम पाहिला जातो. ज्या गृहिणीला पगार मिळत नाही, तिच्या श्रमांनाही आर्थिक मोल आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा दिला.

हक्क हाती येण्यासाठी

हक्क कायद्यात असतो. तो हाती येतो पुराव्याने. अपघातानंतर पोलिसांत नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, उपचारांची कागदपत्रे व पावत्या, कमाईचा पुरावा आणि वाहनाचा क्रमांक या पाच गोष्टी जपल्या तर निम्मे काम झाले. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यावयाचा असतो. कुटुंबाने त्याची चौकशी अवश्य करावी. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागतो असे नाही. आपण राहतो त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणापुढेही तो लावता येतो. बिहारमधील मजुराचा पुण्याजवळ मृत्यू झाला तर त्याच्या विधवेने पुण्याच्या खेपा घातल्या पाहिजेत असे मुळीच नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात आलेली आहे. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला असला, तरी त्यावर विसंबून विलंब करणे शहाणपणाचे नाही.

जखमीला मदत करणाऱ्यांनीही भय बाळगण्याचे कारण नाही. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी उत्तरदायित्व येत नाही आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

भरपाई आणि प्रतिबंध

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळू. तुटलेल्या बोटाची किंमत मालकाच्या हिशेबवहीत लिहिली जाऊ लागली, की यंत्राभोवती जाळी बसविणे त्याला स्वस्त वाटू लागते. भोपाळमधील १९८४ च्या वायुगळतीनंतर, आणि दिल्लीतील १९८५ च्या ओलियम वायूच्या गळतीसंबंधीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने अतिधोकादायक उद्योगांवर कोणत्याही अपवादाविना पूर्ण उत्तरदायित्व टाकले. भरपाई उद्योगाच्या आकाराशी आणि सामर्थ्याशी सुसंगत असावी, म्हणजे तिचा धाक वाटेल, असेही त्या निर्णयात म्हटले आहे. भरपाई आणि प्रतिबंध यांचे नाते याहून स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

अर्थात या नात्यालाही मर्यादा आहेत. रक्कम विमा कंपनी भरते, त्यामुळे बेफाम चालकाला तिची झळ प्रत्यक्ष लागत नाही. म्हणून परवान्यावरील कारवाई, दंड व शिक्षा यांची आवश्यकता उरतेच. दोषपूर्ण रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ मध्ये झाली, ती याच दृष्टीने. तिचा वापर करण्यासाठी प्रत्येक अपघातानंतर चालकाबरोबरच वळणाची, खड्ड्याची आणि दिव्याचीही चौकशी झाली पाहिजे.

गेलेला माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही. परंतु त्याची मुले शाळेत राहावीत आणि त्याच वळणावर दुसऱ्या कोणाचा बळी जाऊ नये, एवढे समाजाला निश्चित साधता येते. भरपाईचा दावा करणाऱ्या विधवेला पुष्कळदा पैशाच्या मागे लागलेली म्हणून नावे ठेवली जातात. खरे पाहता, तिचा दावा हा ज्याने धोका निर्माण केला त्याच्यापुढे त्या धोक्याचा हिशेब मांडतो. आणि असा हिशेब मांडला गेला नाही तर तो धोका कमी करण्याचे कोणालाही कारण उरत नाही.